शुगर असलेल्या घरांचे अनुभव: आपापले लिहा

आईला मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. डॉक्टर औषध लिहून देतात, पथ्याचा कागद देतात. पण उपास, पाहुणे, प्रवास, लाइट जाणं या सगळ्यात ते औषध कसं सांभाळायचं, हे मला इतरांच्या घरांतून कळत गेलं. म्हणून हा धागा. स्वतः अनुभवलंय तेच लिहा, चुकलेलंही लिहा. इथे वाचून डोस मात्र कुणी बदलू नका.

सुरुवात मीच करते. गेल्या आषाढीला आईने नेहमीसारखी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि "पूजा उरकते आधी" म्हणत अकरा वाजेपर्यंत काही खाल्लं नाही. मी साबुदाणा परतत होते. देवघरात डोकावले तर ती हातातली तुळस नुसती चुरगाळत बसलेली. कपाळावर घाम डवरलेला. मला तिने मावशीच्या नावाने हाक मारली. ग्लुकोमीटरवर साखर 54, फारच उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं तेव्हा 91. मग लगेच खायला घातलं. तुम्ही जेवा न जेवा, ही गोळी साखर उतरवतच राहते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारतो, आणि ग्लुकोजची पुडी उदबत्तीच्या डब्याशेजारीच असते.

●

ताई, मी नाशिकची. सासऱ्यांना इन्सुलिन मीच देते. एकदा नेहमीच्या सिरिंज मिळाल्या नाहीत, दुकानदाराने दुसऱ्या दिल्या. टोपण केशरी होतं, आमचं नेहमी लाल असायचं. सुई तर सुईच, असं वाटलं. चार दिवस शुगर 300च्या वर. मी त्यांच्यावर चिडले, चोरून गोड खाताय म्हणून. ते बिचारे गप्प.

दवाखान्यातल्या सिस्टरने दोन्ही सिरिंज खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडची बाटली बहुतेक वेळा 40 युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. केशरी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी. तिच्या 20 च्या रेघेपर्यंत भरलं की पोटात जातात फक्त 8 युनिट. उलटी चूक झाली असती, 100 ची बाटली आणि लाल टोपण, तर अडीचपट इन्सुलिन गेलं असतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. मी घरी येऊन मामंजींची माफी मागितली.

●

मी बारीक आहे, 56 किलो. "तुला कशी शुगर?" हे ऐकून कान किटले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, पण चरबी एकाची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपली माणसं वरून बारीक दिसली तरी आत चरबी असू शकते. सडपातळ आहात म्हणून तपासणी टाळू नका.

●

लेक नऊ वर्षांची, टाइप वन. नात्यातले एक काका कारल्याचा रस आणून म्हणाले, इन्सुलिन बंद करा, सवय लागेल. मी त्यांना हात जोडले, रस ठेवून घेतला, इन्सुलिन चालूच ठेवलं. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते थांबलं तर काही दिवसांतच जिवाशी येतं. अशा मुलांच्या आईबापांनो, इथे कुणाच्या वयाचा मान ठेवत बसू नका.

●

चंद्रपूरकडचं गाव. मे महिन्यात पारा 45ला, लाइट तासन् तास नाही. इन्सुलिन गार राहावं म्हणून आमच्याकडे मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात. फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलं की वाया गेलं.

●

मी शेतकरी, वय 61. शुगरमुळे पाय बधिर, बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात गेला, मला कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी नातवाने फरशीवर रक्ताचे ठिपके पाहिले. जखम भरायला साडेतीन महिने लागले, बोट थोडक्यात वाचलं. आता चप्पल घालण्याआधी झटकतो, आत हात फिरवतो. रात्री पाय धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो. मला वाकवत नाही, म्हणून नातू टॉर्च घेऊन तळवे बघतो आणि "काही नाही आबा" म्हणतो, मगच आम्ही दिवा घालवतो.