सार्दिनियात व्हॅनचा मुक्काम कुठे करावा?

समुद्र दिसेल तिथे व्हॅन लावून रात्र काढावी, हा सल्ला इटलीच्या सार्दिनिया बेटावर अडचणीत आणणारा आहे. इटलीच्या वाहतूक कायद्याच्या १८५व्या कलमानुसार गाडी फक्त स्वतःच्या चाकांवर टेकलेली असेल, तिने स्वतःच्या आकारापलीकडची जागा व्यापली नसेल आणि सांडपाणी बाहेर सोडले नसेल, तरच ते उभे राहणे पार्किंग मानले जाते. चांदवा ताणून खुर्च्या मांडल्या, की ते पार्किंग न राहता तळ (कॅम्पिंग) ठरते. म्हणून अधिकृत तळच गाठावा. दोरगाली ते बाउनेई या गावांमधला रस्ता मात्र चुकवू नका. तो किनारा सोडून हजार मीटरहून उंच खिंडीतून जातो, आणि माझ्या मते पूर्व सार्दिनियाचे खरे वैभव तिथेच आहे. किनाऱ्यावरची वाळू मात्र आठवण म्हणूनही उचलू नये. २०१७च्या प्रादेशिक कायद्याने त्यासाठी ५०० ते ३,००० युरो दंड ठेवला आहे.