मदत हवी आहे: आईचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज जपून ठेवायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. त्यामुळे गावी आईची निजायची वेळ झाली की माझ्या मीटिंगा सुरू व्हायच्या. टाइप करणं तिला जमायचं नाही, म्हणून ती बोलून पाठवायची: मेतकुटाचं प्रमाण, शेजारणीची ख्यालीखुशाली, मध्येच एखादी जात्यावरची ओवी. दिवाळीनंतर आई गेली. आता हे आवाज माझ्यासाठी सोन्याहून मोलाचे आहेत.

फोन अँड्रॉइड आहे. ‘व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स’ या फोल्डरमध्ये सगळ्या फाइली सापडल्या. त्या .ओपस प्रकारच्या आहेत, नावात तारीख आहे, पण कुणी पाठवली ते नाही. त्यामुळे आईच्या तेवढ्याच वेगळ्या कशा काढायच्या? चॅट ‘एक्स्पोर्ट’ केलं तर जुने संदेश गळतात, असं ऐकलंय.

दुसरं म्हणजे बाबांना त्या ऐकायच्या आहेत. अभंग ऐकायला त्यांच्याकडे पेनड्राइव्हचा स्पीकर आहे, त्यावर एमपी३ चालतं, ओपस नाही. शेकडो फाइली एकदम बदलणारं, आवाज इंटरनेटवर न चढवणारं सॉफ्टवेअर कोणतं? तिचे बोल परक्या सर्व्हरवर जावेत असं मला अजिबात वाटत नाही.

आईचं सिमही चालू ठेवायचंय. १२० दिवस वापर नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप खातं काढून टाकतं. तिचा नंबर बाबांच्या नावावर करून घेतलेलं कुणी आहे का? कागदपत्रं काय लागली?