नववीत आहे, वकील व्हायचंय. रोज अर्ध्या तासात काय करू?

निळी_शाई: वकील व्हायचं हे पक्कं. पण शाळा, गृहपाठ करून रोज अर्धा तासच उरतो, आणि क्लास नकोय. सगळे म्हणतात डिबेट कर, पण स्टेजवर माझं त-त-प-प होतं. काय सुरू करू?

मागचा_बाक: डिबेटच कर. मी तीन वर्षं केलं, दोन ट्रॉफ्या आहेत घरी. रोज दोन तास सराव लागतो फक्त.

कागदी_घोडा: अहो, ती अर्धा तास म्हणतेय. बावीस वर्षं वकिली करतोय, बोलणं कमी आणि वाचणं-लिहिणंच जास्त असतं, कराराची कामं करणारे कितीतरी जण तर कोर्टाची पायरीही चढत नाहीत. आठवड्याला एक निकाल घे आणि चार ओळी लिही. झालं काय, प्रश्न कोणता, कोर्ट काय म्हणालं आणि का. त्या 'का'वरच सगळे अडतात. 1932 च्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या ब्रिटनमधल्या खटल्यापासून सुरू कर. शीतपेयाची बाटली विकत घेतली एकाने, प्यायली दुसरीनेच, म्हणजे तिचा कुणाशीच करार नाही, मग बनवणाऱ्यावर दावा लावायचा कसा?

पुरावा_दाखवा: तोच ना, बाटलीत गोगलगाय निघाली होती तो?

कागदी_घोडा: निघाली हे कधीच सिद्ध झालं नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापुढे, प्रश्न एवढाच, की निघाली असं धरलं तर बनवणारा जबाबदार का. 3 विरुद्ध 2 ने हो. पुढे प्रकरण आपसात मिटलं.

पुरावा_दाखवा: मग बाई आजारी कशी पडली? गोगलगाय होतीच.

जाडजूड: कायद्यातल्या लॅटिन शब्दांच्या वाटेला जाऊ नकोस गं. मी शाळेत असताना हौसेने त्यांच्या पुस्तकाचा ठोकळा घेतला, त्यातले दहा शब्द लागले असतील. आता दार आपटू नये म्हणून लावते.

उशिरा_कळलं: आधी वकिली कुठे करायची ते ठरव. अमेरिकेत साधारण आधी दुसरी पदवी, मग तीन वर्षं लॉ स्कूल. इंग्लंडमध्ये किंवा भारतात शाळा संपली की थेट कायद्याला जाता येतं. मी वर्षभर भलत्याच प्रवेश परीक्षेची तयारी केली, घरचे अजून ऐकवतात.

मागचा_बाक: सगळं खरं, पण डिबेट हवंच.

पुरावा_दाखवा: सुट्टीत कोर्टात जाऊन मागे बस, बहुतेक सुनावण्या खुल्या असतात. मी गेलो तर नुसती तारीख पडली.

निळी_शाई: थँक्यू सगळ्यांना. नाटकाच्या ग्रुपमध्ये नाव दिलंय. तिथे वाक्यं पाठ असतात, निदान तोंड तरी उघडेल. अर्धा तास त्यातच जाणार. कागदी_घोडा काका, सॉरी, गोगलगाय रविवारी.

मागचा_बाक: नाटक??