टीझरमध्येच भूत दाखवायचे असेल, तर चित्रपट कशासाठी काढायचा?

हरभट रस्ता

काल एका विद्यार्थ्याने आपल्या आगामी भयपटाच्या टीझरचा आराखडा या चर्चामंचावर मांडला आणि त्याखाली पन्नास जणांनी ‘जबरदस्त’ असे लिहिले. मला ते लिहिता आले नाही, म्हणून वेगळा धागा काढत आहे. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुले सांगलीचीच, पदवीच्या तिसऱ्या वर्षाची. चित्रपट वीस मिनिटांचा आणि टीझर दीड मिनिटाचा. आधी ड्रोनमधून कृष्णेचे पात्र व आयर्विन पूल, मग सांगलीजवळच्या हरिपूरचे एक जुने हळदीचे पेव (हळद साठवायचे जमिनीखालचे कोठार), त्यात दोराने उतरणारा मुलगा, मधूनमधून काळ्या पडद्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ ही अक्षरे, आणि शेवटी पेवातून थेट कॅमेऱ्यावर झेपावणारा किंचाळता चेहरा.

वीस मिनिटांच्या चित्रपटाला दीड मिनिटाचा टीझर म्हणजे पाहुण्याला दारातच अर्धे जेवण वाढण्यासारखे आहे. पण माझा मुख्य आक्षेप त्या चेहऱ्याला आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केले ते याच सांगलीत. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत रंगमंचावर येत, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. पावणेदोनशेहून अधिक वर्षे उलटल्यावर त्याच गावातली मुले पुन्हा अललडुर्रच करणार असतील, तर मधल्या काळात आपण नेमके काय शिकलो? शिवाय त्या राक्षसाला निदान रोज रंग फासून घसा ताणावा लागत असे. इथे तर किंकाळीसुद्धा इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेली असते.

टीझरने एकच प्रश्न प्रेक्षकाच्या मनात सोडून निघून जावे. पेवाचे झाकण, एक दोर आणि वर उभा असलेला माणूस एवढे चाळीस सेकंदांना पुरेसे आहे.

तिसरे वर्ष

तो आराखडा माझाच आहे. काका, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले, त्यामुळे आपणही माझे म्हणणे एकदा वाचावे, एवढी विनंती आहे.

आपण नाट्यगृहातल्या प्रेक्षकाचा विचार करता. तो तिकीट काढून येतो, खुर्चीत बसतो आणि दिवे मालवले की गप्प होतो. आमचा प्रेक्षक बसस्थानकावर उभा राहून अंगठ्याने पडदा सरकवत असतो. त्याला पहिल्या तीन सेकंदांत काही दिसले नाही तर तो पुढे जातो, आणि पुढे गेला की परत येत नाही. आपला चाळीस सेकंदांचा दोर तो पाहणारच नाही. मागच्या वर्षी आमच्याच वरच्या वर्गाने अत्यंत संयत, हळुवार असा टीझर केला होता. त्याचे कौतुक फक्त प्राध्यापकांनी केले, आणि चित्रपट पाहायला आले ते कलाकारांचे नातेवाईक.

लांबीचा आक्षेप मात्र मान्य आहे. दीड मिनिटाचा एक मिनिट करता येईल. ड्रोन आम्ही भाड्याने ठरवलेला असल्यामुळे ती दृश्ये वगळता येणार नाहीत.

तंबोरा, मिरज

ड्रोनचे पैसे दिले म्हणून ड्रोन वापरायचा, या न्यायाने लग्नात बँड ठरवला की तो सुतकातही वाजवायला हवा.

दोघेही चेहऱ्यावरून भांडत आहात आणि आवाजाबद्दल एक अक्षर बोलत नाही, हेच मराठी लघुपटांचे जुने दुखणे आहे. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक भयपटात खालच्या पट्टीतली तीच एक घरघर ऐकली आहे. ती संगणकाला जोडलेल्या मोठ्या हेडफोनवर भीषण वाटते. परंतु तुमचा बसस्थानकावरचा प्रेक्षक ती मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकणार, आणि तो स्पीकर साधारण दोनशे हर्ट्‌झच्या खालचे जवळजवळ काहीच वाजवत नाही. म्हणजे ज्या घरघरीवर तुमची सगळी भीती उभी आहे, ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याला ऐकू येते ती शांतता, आणि मग अचानक किंकाळी. तो घाबरत नाही, दचकतो, आणि दचकल्याबद्दल तुम्हाला शिव्या देतो.

मिरजेत या. इथे पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवणारी घरे आहेत. वरची लाकडी तबली न बसवलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात तोंड घालून कोणी श्वास घेतला, तर तो श्वास कसा ऐकू येतो ते एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाहा. काथ्याच्या दोराचा करकर आवाज लाकडावर घासून घ्या. हे आवाज लहान स्पीकरवरही टिकतात आणि कोणाच्या स्वामित्वहक्काची नोटीसही येत नाही.

हरिपूरकर

चर्चा आवाजाची आणि चेहऱ्याची चालली आहे, आणि एक मुलगा पेवात उतरणार आहे हे वाक्य सगळ्यांनी सहज गिळले आहे. हळदीच्या पेवात, बाळ, असे उतरत नाहीत.

आमच्या घराण्याची हरिपुरात पेवे होती. तोंड एका माणसापुरते आणि पोट खोलीएवढे, आतून शेणमातीने सारवलेले. हळद भरून तोंड बंद केले की माल वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे, कारण आतला प्राणवायू संपत जातो आणि किड्याला जगताच येत नाही. ज्या कारणाने कीड जगत नाही, त्याच कारणाने माणूसही जगत नाही. पेव उघडले की कित्येक तास कोणी जवळ फिरकत नसे. मग कंदील दोराला बांधून खाली सोडत आणि तो तेवत राहिला तरच हमाल उतरत असे. माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत एक हमाल घाईने उतरला आणि त्याला काढायला दुसरा उतरला. आजोबा ती गोष्ट आम्हाला कधीही पूर्ण सांगत नसत. ‘दुसरा उतरला’ इथे आले की ते उठून बाहेर जात.

2005 च्या महापुरात पाणी शिरले आणि बरीच पेवे निकामी झाली. आज जी उरली आहेत त्यांच्या तोंडाशी उभे राहणेही धोक्याचे आहे, कारण कड कधी ढासळेल याचा नेम नाही. मराठीत ‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार तुम्ही रोज वापरता. पेव म्हणजे काय, हे एकदा कोणाला तरी विचारून घ्या.

तिसरे वर्ष

आपण सांगितलेली माहिती खरोखरच उपयोगी आहे. आम्ही उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहू आणि तो विझला नाही तरच चित्रीकरण करू. आपल्या आजोबांचा प्रसंग चित्रपटात वापरण्याची परवानगी द्याल का? म्हणजे ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्दशः खरे ठरेल.

हरिपूरकर

मी माहिती दिली ती तुम्ही उतरू नये म्हणून, आणि तुम्ही ती उतरण्याची युक्ती म्हणून घेतली. कंदील तेवतो म्हणजे हवा चांगली आहे असे नव्हे. तळाशी साचलेला वायू जड असतो. कंदील छातीच्या उंचीवर जळत असतो आणि वाकलेल्या माणसाचे नाक त्याच्या खाली असते. पूर्वी दुसरे साधन नव्हते म्हणून लोक कंदिलावर विसंबत, आणि म्हणूनच काही जण परत वर आले नाहीत.

परवानगीचे विचारता, तर नाही. त्या दोन हमालांच्या घरची माणसे आजही याच पंचक्रोशीत राहतात. त्यांच्या मरणावर तुम्ही किंचाळता चेहरा चिकटवणार आणि ते त्यांच्या नातवांच्या मोबाइलवर फिरणार, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

माहुलीकर

मी साताऱ्याचा, त्यामुळे परगावच्या माणसाने तोंड घालू नये असे कोणाला वाटल्यास क्षमा असावी. पण ‘सत्य घटनेवर आधारित’ या चार शब्दांवर (वास्तविक तीनच, पण त्यांचा भार चारांएवढा आहे) मला बोलायचेच आहे.

आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्याची काही वर्षांपूर्वी अशीच चित्रफीत कोणीतरी काढली आणि ‘झपाटलेला वाडा’ म्हणून गावाच्या नावासह पसरवली. त्या वाड्याच्या मागच्या सोप्यात एक वयस्कर बाई एकट्या राहत होत्या. त्यानंतर रात्री बारा-एकला पोरांच्या टोळ्या बॅटऱ्या घेऊन येऊ लागल्या. बाई पाणी प्यायला उठल्या आणि खिडकीत दिवा दिसला, की बाहेर आरडाओरडा. त्यांच्या दिव्याचीच पुढची चित्रफीत झाली. शेवटी मुलाने त्यांना पुण्याला नेले. भूत कोणी पाहिले नाही, पण एक माणूस मात्र त्या घरातून उठला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या मातीत हे घडले तिथल्या शिकलेल्या मुलांनी गावाचे खरे नाव घेऊन भुताची खोटी ग्वाही द्यावी, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

तिसरे वर्ष

आता मात्र अति झाले. तो कायदा फसवणूक, छळ आणि अघोरी कृत्ये यांच्याविरुद्ध आहे. भुताची गोष्ट सांगण्याविरुद्ध नाही. भयकथा आवडीने वाचणारे आणि अमावास्येला बिनधास्त स्मशानावरून जाणारे कितीतरी लोक महाराष्ट्रात आहेत. मला भुते मान्य नाहीत, मला भयपट आवडतात. या दोन गोष्टींतला फरक आपल्यासारख्या विवेकवादी माणसाला समजावून सांगावा लागतो, हेच आश्चर्य आहे. आम्ही एकवीस वर्षांची मुले मोबाइलवर एक टीझर काढत आहोत, आणि इथे आमच्यावर जवळजवळ खुनाचा खटला चालू आहे.

माहुलीकर

गोष्ट सांगा, हवी तेवढी सांगा. गोष्टीच्या कपाळावर ‘सत्य’ असा टिळा लावू नका, एवढेच मी म्हटले आहे. कायदा मी घटनाक्रम म्हणून सांगितला, धमकी म्हणून नव्हे. तरीही ते वाक्य धमकीसारखे वाचले जाते हे आता पुन्हा वाचल्यावर दिसते, आणि तेवढ्यापुरते मी मागे घेतो.

हरभट रस्ता

धागा मी टीझरच्या रचनेवर काढला होता. तो पेवात उतरला, तिथून साताऱ्याला गेला आणि अजून परतलेला नाही. मंडळींनी कृपया मूळ विषयावर यावे.

हरिपूरकर

मुलाचा जीव वाचला तरच त्याच्या टीझरला रचना राहील. तुमच्या मूळ विषयाला माझा नमस्कार.

उसाचा फड

पेवाचा एवढा वाद आहे, तर उसात का काढत नाही? रात्रीच्या उसाइतके भीतिदायक आपल्याकडे दुसरे काही नाही. अर्थात 2017 च्या ‘लपाछपी’ या भयपटाने ते आधीच करून ठेवले आहे. एक अनुभवाचा सल्ला मात्र देतो. आमच्या वेळी आम्ही अर्धा लघुपट फडात चित्रित केला आणि उरलेला पुढच्या रविवारी करायचे ठरवले. गुरुवारी तोड आली. रविवारी पोहोचलो, तेव्हा नायिका जिथे हरवली होती तिथे मोकळे रान होते आणि पलीकडचा डांबरी रस्ता दिसत होता.

तंबोरा, मिरज

पेवात उतरण्याची मुळात गरजच नाही, हे इतक्या वेळात कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? लोखंडी पिंपे दोन घ्या, तळ कापून एकावर एक ठेवा, आतून माती आणि शेण लिंपा, तळाशी काळे कापड अंथरा. वरून मोबाइल धरून कंदील खाली सोडला की सहा फुटांचे साठ फूट दिसतील, कारण अंधाराला खोली नसते. मोबाइलमधले आपोआप उजळणारे एक्स्पोजर आधी कुलूपबंद करा, नाहीतर कंदील जसजसा लांब जाईल तसतसे तो पडदा उजळत नेईल आणि तुमचे पिंप उघडे पडेल. जवळपास विजेचा दिवा असेल तर शटर एकपन्नासांश ठेवा, म्हणजे पडद्यावर पट्टे लवलवणार नाहीत. आणि दृश्य ठार काळे करू नका. संकेतस्थळावर चढवताना चित्रफीत दाबली जाते, तेव्हा गडद भागांचे आधी चौकोन होतात आणि मग चिखल होतो. काळ्याऐवजी खोल तपकिरी ठेवा. हळदीच्या पेवाला तो रंग शोभेलही.

हरभट रस्ता

अखेर कोणीतरी टीझरबद्दल बोलले. यात माझी एकच भर: कंदील खाली जातो, जातो, आणि विझतो. तिथे संपवा. सांगलीच्या माणसाला पुढचे सांगावे लागणार नाही.

तिसरे वर्ष

आणि सांगलीबाहेरच्या माणसाला? विझलेला कंदील पाहून पुण्याच्या प्रेक्षकाला वाटेल की रॉकेल संपले. काका, तुमचा शेवट ज्याला पेव ठाऊक आहे त्याच्यासाठीच आहे. त्यासाठी आधी कोणीतरी म्हणायला हवे की दिवा विझला तर उतरायचे नाही.

हरभट रस्ता

हा मुद्दा बरोबर आहे. मला तो सुचायला हवा होता. एक वाक्य, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात, चित्राशिवाय, त्यानंतर कंदील.

तिसरे वर्ष

आमच्या गटाची काल रात्री बैठक झाली. टीझर पन्नास सेकंदांचा करतो आहोत. पेवाऐवजी पिंप. ‘सत्य घटनेवर आधारित’ काढले आहे आणि हरिपूरचे नावही घेणार नाही. माहुलीकरांना आता सुखाने झोप लागावी. ड्रोनचा आगाऊ दिलेला पैसा बुडाला, त्याची वर्गणी या धाग्यावर कोणी काढणार असेल तर कळवावे. चेहरा मात्र राहणार आहे. पाच जणांच्या मतदानात तो तीन विरुद्ध दोन असा जिंकला, आणि त्या दोघांत मी होतो, हे काकांना आनंद व्हावा म्हणून सांगतो.

हरिपूरकर आजोबा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आम्हाला मिळत नाही. आमच्यापैकी जो कोणी प्रयत्न करतो तो जाहिरातीतल्यासारखा वाटतो. आपण ते एक वाक्य म्हणाल का? पेवात कोणीही उतरणार नाही, हे आम्ही लिहून देतो.

हरिपूरकर

आजोबा म्हणण्याइतका मी म्हातारा नाही, अठ्ठावन्नच वर्षांचा आहे. कंदील माझ्याकडे आहे, आजोबांच्या वेळचा. तो उसना मिळेल, पण पिंपात सोडताना दोर मी धरीन. वाक्याचे काय ते तिथे आल्यावर पाहू. तो चेहरा असलेल्या टीझरमध्ये माझा आवाज जाणार नाही, एवढे तुमच्या तिघांना आधी सांगून ठेवा.

तिसरे वर्ष

मतदान पुन्हा घेतो.