विध्यर्थ आणि आज्ञार्थ : ‘मी जाऊ का?’ आणि ‘मी जावं का?’

‘आज्ञार्थ म्हणजे हुकूम, विध्यर्थ म्हणजे इच्छा किंवा कर्तव्य’ ही शाळेतली व्याख्या फार लांबवर साथ देत नाही. ‘देवा, सर्वांना सुबुद्धी दे’ यात हुकूम कसला? तरी ‘दे’ आज्ञार्थीच. उलट सरकारी सूचनेतलं ‘अर्ज दोन प्रतींत सादर करावा’ हा चक्क आदेश, पण क्रियापद विध्यर्थी. म्हणून आधी रूप पाहावं, भाव नंतर. मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणात (1911) रूपावरूनच नावं आहेत : विध्यर्थाचं वाख्यात, आज्ञार्थाचं ऊ-आख्यात (आख्यात म्हणजे क्रियापदाचं प्रत्यय लागलेलं रूप).

विध्यर्थात ‘-आवा, -आवी, -आवे’ येतं आणि क्रियापद सकर्मक असेल तर ते कर्माप्रमाणे बदलतं : ‘मुलांनी चपला बाहेर काढाव्यात’. आज्ञार्थाला कर्माशी देणंघेणं नाही : ‘चपला बाहेर काढा’, ‘बूट बाहेर काढा’. नकारातही वाटा वेगळ्या होतात. ‘जा’चं ‘जाऊ नको’, ‘जावे’चं ‘जाऊ नये’.

दोन्ही रूपं शेजारीशेजारी हवी असतील तर पसायदान आठवा. ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’ हा विध्यर्थ. ‘देवें’ ही तृतीया, म्हणजे ‘देवाने’. पुढच्याच ओवीत ‘जे खळांची व्यंकटी सांडो’, हा तृतीय पुरुषी आज्ञार्थ. प्रार्थना दोन्हीकडे आहे. पण पहिल्या ओवीत देव कर्ता म्हणून समोर उभा आहे. ‘सांडो, वाढो, जडो’ म्हणताना कोणी करायचं ते सांगितलेलंच नाही, ते व्हावं एवढीच आस. ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते.

आता शीर्षकातला प्रश्न. ‘मी जाऊ का?’ यातलं ‘जाऊ’ आज्ञार्थी आहे हे अनेकांना पटत नाही, कारण स्वतःलाच आज्ञा कोण देणार? पण इथे आज्ञा ऐकणाऱ्याकडे मागितली आहे. उत्तर ‘जा’ किंवा ‘नको जाऊ’ येतं. ‘मी जावं का?’ असं विचारणाऱ्याला परवानगी नको, सल्ला हवाय. त्याला ‘जावंस असं मला वाटतं’ म्हणता येतं. नोकरी सोडण्याबद्दल साहेबांना ‘सोडू का?’ आणि मोठ्या बहिणीला ‘सोडावी का?’ विचारणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो.

‘गाडी सुटली असावी’ हा तर्कही विध्यर्थाचाच. आज्ञार्थात तो करताच येत नाही.