घरच्या पीसीवर तीन व्हीएम, तिघींचा आयपी एकच, आणि साईट कुठूनच उघडत नाही

तापीकाठचा_पोऱ्या (जळगाव)
राम राम मंडळी. घरात जुना डेस्कटॉप पडून होता, आय-फाईव्ह चौथ्या जनरेशनचा, त्यात रॅम वाढवून १६ जीबी केली, विंडोज १० वर व्हर्च्युअलबॉक्स (एका पीसीत अनेक खोटे पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, उबुंटू सर्व्हर या लिनक्सची एक व्हीएम (म्हणजे असा खोटा पीसी) नीट बसवली आणि तिचेच दोन क्लोन काढले. एकीत मामाच्या कृषी केंद्राची साईट, दुसरीत मित्राच्या क्लासची, तिसरी माझ्या उद्योगांना. आता तिन्हींचा आयपी दाखवतो १०.०.२.१५, तिघींचा सेम! व्हीएमच्या आत नेट मस्त चालतं पण घरच्याच वायफायवर मोबाईलमधून साईट उघडत नाही, बाहेरून तर सोडूनच द्या. राउटरला पोर्ट ८० (साईटचा दरवाजा) फॉरवर्ड केलाय. आणि पोर्ट एक, साईट तीन, तर तो द्यायचा कोणाला हे पण कळेना. केबलवाल्याचं फायबर आहे, त्याला विचारलं तर म्हणे राउटर बंद करून चालू करा 🙏

भुसावळ_यार्ड
काय भो, १०.०.२.१५ दिसला म्हणजे नॅट मोड. व्हर्च्युअलबॉक्स डिफॉल्ट तोच लावतं आणि प्रत्येक व्हीएमला तिचं तिचं वेगळं खोटं नेटवर्क देतं, म्हणून तिघींना एकच आकडा, त्या एकमेकींना दिसत पण नाहीत. नेटवर्क सेटिंगमधे जाऊन ब्रिज्ड अ‍ॅडाप्टर कर, मग तुझा राउटरच त्यांना १९२.१६८ वाला आयपी देईल. पीसीला लॅन केबल लाव हां, वायफायवर ब्रिज कधी चालतं कधी नाही, एका कार्डावरून दोन-चार ओळख-नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बऱ्याच वायफायवाल्यांना पचत नाहीत.
राउटरमधे तिन्ही आयपी रिझर्व्ह करून टाक, नाहीतर लाईट गेली-आली की आकडे बदलतील आणि फॉरवर्डिंग भलतीकडे जाईल.

तापीकाठचा_पोऱ्या (जळगाव)
दादा ब्रिज्ड केलं, मोबाईलवर पहिली साईट उघडली!! पण दोन्ही क्लोनना अजून पण एकच आयपी येतोय. मॅक वेगळे आहेत, दोनदा बघितले.

धुळ्याचा_लिनक्सवाला
हे क्लोनचं जुनं दुखणं आहे. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला (राउटरमधलं आयपी वाटणारं खातं) मॅक सांगत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि क्लोन काढला की मशीन-आयडी जशीच्या तशी जाते. राउटरला वाटतं एकच गिऱ्हाईक परत आलं. ईटीसी मधली मशीन-आयडी नावाची फाईल रिकामी कर (डिलीट नको, रिकामी) आणि रीबूट मार, नवी तयार होते. किंवा नेटप्लॅनमधे (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) डीएचसीपी आयडेंटिफायर मॅक करून दे. एसएसएचच्या (लांबून लॉगिन करायची सोय) होस्ट की पण दोघींत सारख्याच असतील, त्या पण नव्या बनव.

आता पोर्टचं. तीन साईटला तीन पोर्ट असलं काही करू नको. चौथी एक छोटी व्हीएम, तिच्यात एन्जिनएक्स नाहीतर कॅडी (दोन्ही वेब सर्व्हर), आणि राउटरचे ८० आणि ४४३ दोन्ही फक्त तिच्याकडे. ब्राउझर प्रत्येक वेळी आपल्याला कोणती साईट पाहिजे ते नाव पाठवतोच, ते नाव वाचून ती आतल्या बरोबर व्हीएमकडे वळवते, यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. नवीन माणसाला मी कॅडीच सांगेन, एचटीटीपीएसला लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट स्वतः आणतं, स्वतः रिन्यू करतं, कॉन्फिग चार ओळींचं. एन्जिनएक्स नंतर शिक, नोकरीत लागतं.

आणि विंडोज १० काढ बाबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. प्रॉक्समॉक्स टाक, व्हीएम चालवायचीच सिस्टिम आहे, डेबियन लिनक्सवरच बनलेलं आहे, फुकट आहे, ब्राउझरमधे ८००६ पोर्टवर सगळ्या व्हीएम दिसतात. बायोसमधे व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हीएम चालवायची सोय) चालू पाहिजे. डिस्क पूर्ण पुसली जाते, आधी व्हीएम एक्स्पोर्ट करून बाहेर ठेव. साध्या साईटला तर अख्खी व्हीएम पण नको, एलएक्ससी कंटेनर (व्हीएमपेक्षा हलका डबा) टाकला तर ५१२ एमबीत भागतं.

रावेरची_केळी
सगळं खरं पण कोणी सीजीनॅटचं (एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाईकांत वाटणं) बोललंच नाही. आपल्याकडे केबलवाल्यांचं फायबर म्हटलं की पहिला संशय तिथंच. राउटरच्या पानावर वॅन आयपी (केबलवाल्याकडून राउटरला मिळालेला) बघ, १००.६४ ते १००.१२७ मधला असला, किंवा १० ने सुरू होत असला, तर तुला खरा पब्लिक आयपी मिळालेलाच नाही, पुढे शंभर पोर्ट फॉरवर्ड कर, काही होणार नाही.

तापीकाठचा_पोऱ्या (जळगाव)
मशीन-आयडीने काम झालं, तिन्हींना वेगळे आयपी 👍 वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतोय. आते समजनं भो. आता?

रावेरची_केळी
मग दोन रस्ते. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घे, वर्षाचे पैसे लागतात, भाव विचार. नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल. त्यात तुझीच व्हीएम आतून बाहेर कनेक्शन धरून ठेवते म्हणून पोर्ट उघडायची भानगडच नाही, आणि कोणतं नाव कोणत्या व्हीएमकडे ते तिथंच लिहिता येतं, वेगळी प्रॉक्सी पण नको. डोमेन मात्र स्वतःचं पाहिजे.

धुळ्याचा_लिनक्सवाला
टनेलला माझी ना नाही, पण एचटीटीपीएस त्यांच्याकडे उघडून पुढे येतं, म्हणजे मधला सगळा मजकूर त्यांना वाचता येतो. कृषी केंद्राच्या खताच्या भावाला चालेल. क्लासच्या पोरांचे फोन नंबर, फी वगैरे असेल तर मी नाही टाकणार.

भुसावळ_यार्ड
मे महिन्यात जळगावात ४५ च्या पुढे पारा जातो, तो डबा माळ्यावर ठेवू नको, पंख्यातली धूळ काढ, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लाव. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर पाहिजे नाहीतर लाईट जाताना पीसी रीस्टार्ट होतो, आणि राउटर, फायबरचा डबा दोन्ही त्याच्यावरच घे, लोक हे विसरतात. बायोसमधे लाईट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते लाव, प्रॉक्समॉक्समधे पण व्हीएमला स्टार्ट ॲट बूट टिक कर. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवला तर तो बॅकअप नाही.
क्लासची साईट छोट्या व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर) टाक असं माझं स्पष्ट मत. ॲडमिशनच्या टायमाला विजेची डीपी उडाली तर मित्र तुलाच फोन करेल.

तापीकाठचा_पोऱ्या (जळगाव)
क्लासची बाहेर टाकतो मग. मामाची टनेलवर चालू केली, मोबाईल डेटावरून उघडतेय. रविवारी प्रॉक्समॉक्स टाकायचं बघतो. १६ जीबी रॅममधे डिस्कची फाईल सिस्टिम झेडएफएस घेऊ की साधं ईएक्सटी४?

धुळ्याचा_लिनक्सवाला
एकच एसएसडी आहे ना, ईएक्सटी४ घे. झेडएफएस रॅम खातं, ती व्हीएमला लागेल.