शेजारी उजेड, आपल्या घरी अंधार: दोष कुठे सापडला?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलर रात्रंदिवस चालतात आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते. संपूर्ण वस्ती अंधारात असेल, तर १९१२ वर तक्रार नोंदवण्यापलीकडे आपल्या हाती फारसे काही नसते. ते अनुभव येथे नकोत. शेजाऱ्यांकडे दिवे आहेत आणि केवळ आपल्याच घरात वीज नाही, अशा वेळी दोष कसा शोधला, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेली उत्तरे अशी:

मनीषनगर: कूलर लावल्यावर थोड्याच दिवसांत आमचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) मध्यरात्री पडू लागला. सर्व एमसीबी (एकेका सर्किटचे, जादा भार आल्यास आपोआप पडणारे स्विच) खाली करून आरसीसीबी वर केला आणि एकेक एमसीबी चढवत गेलो, तेव्हा कूलरचा एमसीबी बंद असतानाही फ्रिज सुरू होताच आरसीसीबी पडे, त्यामुळे संशय फ्रिजवर गेला. सिंगल पोल एमसीबी केवळ फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो, आणि तो न्यूट्रल कुठे अर्थिंगला लागला असेल, तर दुसऱ्याच उपकरणाचा भार येताच काही प्रवाह त्या वाटेने निसटून आरसीसीबीची ३० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली जाते, हे इलेक्ट्रिशियनने समजावले. त्याने सगळे प्लग उपसायला लावले. कूलरचा प्लग निघाला आणि फ्रिज निमूट चालू लागला. कूलरच्या पंपावर बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर चढला होता आणि वायर आत शिरते तेथील सील फुटलेले होते.

महाल: आमच्या जुन्या घराला थ्री-फेज (तीन फेज तारांची) जोडणी आहे. एका संध्याकाळी माजघरातला बल्ब पिवळट पडला आणि त्याच वेळी माडीवरचा पंखा भरधाव फिरू लागला. वीज पूर्ण गेलेली नसल्याने अशा वेळी लोक वाट पाहत बसतात, हे मला सर्वांत घातक वाटते, कारण मुख्य न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टचे गणित मोडते आणि कमी भाराच्या फेजवर दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. वडिलांनी तत्काळ मेन स्विच पाडला, तरी टीव्ही गेलाच. मीटरजवळच्या ॲल्युमिनियमच्या न्यूट्रल तारेचा स्क्रू ढिला होऊन तारेचे टोक जळून काळे पडले होते.

नंदनवन: दुखणे तेच, म्हणजे तुटलेला न्यूट्रल, पण जोडणी सिंगल फेज. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटत होता आणि तरीही घरातला एकही दिवा लागत नव्हता. चालू ठेवलेल्या दिव्यांतून फेजच न्यूट्रलच्या तारेवर येत होता.

धरमपेठ: मी प्रथम मीटरचा डिस्प्ले पाहतो. तो सुरू असेल, तर वीज निदान मीटरपर्यंत आलेली आहे. बंद असेल, तर सर्व्हिस वायरला किंवा खांबाला आपण हात लावायचा नाही, मग उकाडा कितीही असो. किटकॅट फ्यूजमध्ये (जादा भार आला की आतली बारीक तार वितळून वीज तोडणाऱ्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये) जाड तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्याविषयी काय लिहावे! मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या पॉइंटांत वीज असतेच, त्यामुळे स्विचबोर्ड उघडण्यापूर्वी मी इन्व्हर्टरही बंद करतो आणि त्यानंतर टेस्टरने प्रत्येक तार तपासतो.